ओहायोतलं सुण्ण-बण्ण

२०२३ च्या मे महिन्यात मी मुलाकडे ओहायोला निघाले, तेव्हा सामानात काय काय भरलं होतं ते आजही पाठ आहे. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सुनेसाठी धारवाडी पेढे, तिच्या शेजाऱ्यांना द्यायला आपल्या बेळगावचा कुंदा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाखाचा कुंचा. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, यंदा उन्हाळ्यात घराला बाहेरून रंग द्यायचाय." पस्तीस वर्षं दर दिवाळीला घराला चुना दिलेल्या बाईला असं सांगितल्यावर ती हात हलवत कशी जाणार?

कोलंबस शहराच्या बाहेरच्या अंगाला त्यांचं दुमजली घर आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले आणि सवयीनं भिंतीवर हात टेकला. टक् असा पोकळ आवाज आला. बोटानं दाबलं तर भिंत आत गेली आणि सोडल्यावर पुन्हा बाहेर आली. मी घाबरून हात काढला. घर घेऊन सहा वर्षं झाली होती, फोटो शंभर पाहिले होते, पण भिंत प्लॅस्टिकची आहे हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

याला तिकडे व्हिनाइल सायडिंग म्हणतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, तुम्हीही फोटोत ही घरं पाहिली असतील. आडव्या लाकडी फळ्या एकीवर एक चढवल्यासारख्या दिसतात. खरं तर ते लाकूड नसतं. आपल्या नळाच्या पाइपांना जे पीव्हीसी वापरतात तेच, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्यांमध्ये ओतलेलं. आतला सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्र्यासारख्या लाकडी फळ्या, त्यावर पाणी अडवणारं एक कापड आणि सगळ्यात बाहेर ह्या पट्ट्या. मला समजावं म्हणून मुलानं एक छान उपमा दिली. "आई, आपल्या छपरावर कौलं कशी असतात? ती चिकटवलेली नसतात, एकात एक अडकवून नुसती ठेवलेली असतात. ही भिंतीवरची कौलं समज." खानापूरकडे पावसाच्या बाजूच्या भिंतीला पत्रे मारतात, तशातलाच हा प्रकार. फक्त इथं चारी बाजूंनी.

पूर्वी तिकडची घरं खरोखरच लाकडी फळ्यांची असत आणि त्यांना काही वर्षांनी रंग द्यावाच लागे. शिडी लावा, जुने पोपडे खरवडा, नवा हात द्या. त्याला कंटाळलेल्या लोकांना दुसऱ्या महायुद्धानंतर आधी अॅल्युमिनियमचं सायडिंग मिळालं. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हिनाइल आलं आणि सत्तरच्या दशकापासून झपाट्यानं पसरलं. त्याची मोठी जाहिरात कोणती, तर ह्याला रंग लावावा लागत नाही. रंग वरून फासलेला नसतो, पट्टीच्या अंगातच मुरवलेला असतो. म्हणजे रंगकामातून सुटका व्हावी म्हणून जी भिंत लोकांनी घेतली, तिलाच रंग द्यायला आम्ही मायलेक निघालो होतो! सून हसून म्हणाली, "अत्ती, नम्म कडे सुण्ण-बण्ण, इल्ली बरे बण्ण." आमची सून धारवाडची. माझ्याशी निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलते, रागावली की पूर्ण कन्नड.

रंगाची वेळ का आली, तेही सांगते. घर पंचवीस वर्षांचं. उन्हानं रंग विटून कुठे बिस्किटासारखा, कुठे दुधी झाला होता. मागच्या ओट्याशी आधीच्या मालकांनी मांस भाजायची शेगडी भिंतीला खेटून ठेवली असावी, तिथल्या चार पट्ट्या वितळून पन्हळीसारख्या लोंबत होत्या. त्या बदलायच्या तर जुन्या रंगाच्या पट्ट्या बाजारातच नाहीत. नव्या आणल्या तर ठिगळ दिसणार. सगळंच सायडिंग बदलायचा अंदाज वीस हजार डॉलरच्या घरात गेला. नुसतं रंगवून द्यायचे एकानं साडेसहा हजार सांगितले. सुनेची नोकरी तेव्हा अर्धवेळ झाली होती, नात पाच वर्षांची. मुलगा म्हणाला, "मीच करतो." ह्या मुलानं बेळगावात असताना कधी कुंचा हातात धरला नव्हता. त्याचे बाबा शिडीवर आणि हा अभ्यासाच्या नावाखाली माडीवर.

पहिलं भांडण रंगावरून झालं. मुलाला हवा होता गडद निळा, शाईसारखा. म्हणे सगळ्या गल्लीत बिस्किटाचे रंग बघून डोळे थकले. त्यांच्या वसाहतीत घरमालकांची एक समिती असते, तिला अर्ज करून, रंगाचा तुकडा जोडून परवानगी घ्यावी लागते. मला वाटलं, ती समितीच आडवी येईल. पण त्याआधी रंगाच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रश्न विचारला, "भिंत कशाची आहे?" व्हिनाइल म्हटल्यावर त्यांनी निळ्याचं कार्ड उलटं करून मागचा एक आकडा दाखवला.

हा आकडा तुमच्या मुलांनाही उपयोगी पडेल म्हणून नीट लिहिते. त्याला एलआरव्ही म्हणतात. तो रंग किती उजेड परतवतो याचं ते माप. ठार काळ्याला शून्य, शुभ्र पांढऱ्याला शंभर. गडद रंग उन्ह पितो, हे आपल्याला काळ्या छत्रीवरून ठाऊक आहे. व्हिनाइल साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतं. मूळचा रंग ठरवताना कारखान्यानं हा हिशेब केलेला असतो. वर गडद रंग चढवला की तो हिशेब मोडतो, उन्हात पट्ट्या जास्त तापतात, फुगतात, वाकतात आणि मग सरळ होत नाहीत. म्हणून साधा नियम असा, की मूळ रंगापेक्षा गडद रंग लावायचा नाही आणि आकडा ५५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. व्हिनाइलसाठी मुद्दाम बनवलेले गडद रंगही मिळतात, त्यांतली रंगद्रव्यं सूर्याची उष्णता बरीचशी परतवून लावतात. पण मुलाच्या मनातला निळा त्यांत नव्हता. शेवटी पावसाळी आभाळासारखा निळसर राखाडी ठरला. आकडा ६१. समितीचा होकार यायला तीन आठवडे लागले. आणखी एक गोष्ट दुकानदारानं बजावली. सायडिंगला रंग लावला की बहुतेक कंपन्यांची हमी संपते. पंचवीस वर्षांच्या सायडिंगची हमी आधीच्या मालकाबरोबरच गेली होती, त्यामुळे तो प्रश्न आम्हाला नव्हता. पण नव्या घराला रंग लावू पाहणाऱ्यानं कागद आधी वाचावेत.

"भिंत कशाची आहे?" त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा विचारला गेला होता आणि कुणी ऐकला नव्हता.

शहापुरातलं आमचं घर माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. दगड-मातीच्या दीड हात रुंद भिंती, वरून चुन्याचा गिलावा. दिवाळीच्या आधी कळीचा चुना आणून हे मोठ्या पिंपात विरवत. पाणी पडलं की चुना उकळायला लागायचा, वाफा यायच्या, मुलांना लांब ठेवावं लागे. मग तो गाळायचा, त्यात थोडं मीठ, तांदळाची पेज, चिमूटभर नीळ. पहिला हात आडवा, दुसरा उभा. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, तरीही त्याच्यातून वाफ आरपार जाते. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल बाहेर निघून जाते. ह्यांच्या भाषेत, भिंत श्वास घेते.

२०१६ साली मुलानं अमेरिकेतून पैसे पाठवले. "आई-बाबांनी ह्या वयात शिडीवर चढायचं नाही. चांगला प्लॅस्टिक रंग लावून घ्या, दहा वर्षं बघायला नको." हे म्हणाले, "ही भिंत चुन्याची आहे, हिला हा रंग मानवणार नाही." मुलाला वाटलं, बाबांचा जुना हट्ट. मलाही, खोटं कशाला सांगू, तसंच वाटलं. रंगाऱ्यानं पुट्टी भरली, वर चकचकीत रंग दिला. घर काय देखणं दिसलं! फोटो पाठवले, नातेवाइकांनी कौतुक केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पाऊस झाला, तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. गणपतीत पाहिलं तर पश्चिमेच्या भिंतीला पुरीसारखे फुगे आले होते. एक फोडला तर आतून पाणी. ओल आत कोंडलेली, बाहेर पडायला वाट नाही. दिवाळीपर्यंत रंगासकट गिलाव्याचे पोपडे पडायला लागले, खाली लोणा लागला. ह्यांनी मुलाला यातलं एक अक्षर सांगू दिलं नाही. "पोरानं हौसेनं पैसे पाठवलेत," एवढंच म्हणाले. २०२१ च्या मे महिन्यात हे गेले. विमानं बंद होती, मुलाला येता आलं नाही. त्यानं सगळं फोनवर पाहिलं.

असो. ओहायोकडे वळते.

जूनमध्ये आम्ही धुवायला सुरुवात केली. मी भिंतीवरून तळवा फिरवला तर हाताला पांढरी पूड लागली. सून ओरडली, "कैगे सुण्ण हत्तैती नोड्री, अत्ती!" अगदी आपल्या चुन्याच्या भिंतीला टेकल्यावर सदऱ्याला लागते तशी. उन्हानं व्हिनाइलचा वरचा थर झिजून ही पूड होते. ती गेली नाही तर नवा रंग भिंतीला न चिकटता पुडीला चिकटतो आणि पुडीबरोबर निघून येतो. तीन भाग व्हिनेगर आणि सात भाग पाणी, ह्यानं हे उत्तम निघतं. इथं माझ्या कुंच्याचं नशीब उघडलं. बाजारातला लांब दांड्याचा ब्रश होता, पण वाख भिजून मऊ झाल्यावर पट्ट्यांच्या खालच्या कडेत जसा शिरायचा तसा तो शिरत नव्हता. धुताना खालून वर जायचं, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग धरतात. पाणी मात्र वरून खालीच सोडायचं. जोराच्या फवाऱ्यानं खालून मारलं तर ते पट्ट्यांच्या मागे घुसतं.

उत्तरेच्या बाजूला हिरवट बुरशी होती. मी म्हटलं, व्हिनेगर आहेच, त्यात थोडं ब्लीच टाकू या. बाटली उचलली आणि सून धावत आली, "ब्याड! ब्याड!" ती औषधांच्या दुकानात काम करते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, छातीला धोका. ब्लीच अमोनियातही मिसळायचं नाही. बुरशीला वेगळ्या दिवशी, पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लावलं, झाडांवर आधी पाणी मारून ठेवलं आणि नंतर भिंत स्वच्छ धुतली. बायकांनो, हे तर बेळगावच्या न्हाणीघरातही लक्षात ठेवा.

धुतल्यावर पूर्वेची भिंत इतकी उजळली की मला वाटलं, रंगाची गरजच काय? माझं आजही मत आहे, की निम्म्या घरांना नुसतं धुणं पुरेल. एकदा रंग लावला की पाच ते दहा वर्षांनी पुन्हा लावणं आलं, मूळची सुटका गेली. पण दक्षिण आणि पश्चिमेचा विटका रंग धुऊन परत येणार नव्हता आणि त्या वितळलेल्या चार पट्ट्या होत्याच. त्या बदलताना मुलानं आकड्यासारखं एक हत्यार घातलं, वरची पट्टी चटकन सुटली, आतले खिळे दिसले. मी पाहिलं तर खिळे ढिले! माझ्या तोंडून निघालं, "कुणा आळशानं ठोकलेत?" तेव्हा कळलं, ते मुद्दाम तसे असतात. भोकं गोल नसून लांबट असतात, खिळा त्यांच्या मधोमध, आणि एका नाण्याच्या जाडीएवढा बाहेर ठेवायचा. कारण साडेबारा फुटांची पट्टी थंडी आणि उन्हाळा यांत मिळून अर्ध्या इंचापर्यंत कमी-जास्त होते. टोकांना पाव इंच मोकळं ठेवतात. ती टांगलेली असते. घट्ट ठोकली तर उन्हात तिला जायला जागा नाही, मग ती पोट काढते. रंगही म्हणूनच लवचीक लागतो. तेलाचा रंग कडक होतो आणि तडकतो. पाण्यात मिसळणारा, शंभर टक्के अॅक्रिलिक, बाहेरच्या भिंतीसाठीचा घ्यायचा. जुना पृष्ठभाग खरवडलेला नसेल आणि पूड नीट निघाली असेल तर बहुधा अस्तराची गरज पडत नाही.

पोर्चच्या दिव्यावर रॉबिन पक्ष्याचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं. अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवायला तिकडे कायद्यानं बंदी आहे आणि नसती तरी नातीनं हलवू दिलं नसतं. ती रोज मोजायची, "आजी, तीन." दोन आठवडे पुढची भिंत तशीच राहिली. एका सकाळी घरटं रिकामं, मग तिनंच परवानगी दिली.

सगळ्या भिंती मिळून एकोणीसशे चौरस फूट भरल्या. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, त्यात साडेतीनशे ते चारशे चौरस फूट होतात. दोन हातांसाठी पाच-पाच गॅलनच्या दोन बादल्या आणल्या, शेवटी एक सुटा गॅलन लागला. सुनेनं दोन्ही बादल्यांतला रंग एकमेकींत ओतून सारखा केला, म्हणजे एका भिंतीवर दोन छटा निघत नाहीत. हे आपले रंगारीही करतात.

कामाचा वेळ सावली ठरवते. सकाळी दव वाळलं की पश्चिमेची भिंत, दुपारी ऊन फिरलं की पूर्वेची. १० अंश सेल्सिअसच्या खाली नको, ३० च्या फार वर नको. आधी प्रत्येक पट्टीची खालची कड ब्रशनं, मग अंगावर रोलर, आणि एकदा पट्टी धरली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचं. मधेच थांबलं तर वाळलेल्या आणि ओल्या रंगाचा सांधा कायमचा दिसतो. मी जमिनीवर उभी राहून खांद्यापर्यंतच्या पट्ट्या केल्या, वरचं मुलानं. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, ह्या हिशेबानं लावायची आणि खाली कुणीतरी असल्याशिवाय चढायचं नाही, एवढा नियम मी घातला होता.

पहिल्याच भागात एका शेजारी आजोबांनी आमची चूक पकडली. पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. मुलगा ती भोकं आणि सगळ्या फटी लांबीनं बुजवायला निघाला होता, सफाईदार दिसावं म्हणून. आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, ती पाणी बाहेर पडायची वाट आहे. सायडिंगच्या मागे थोडं पाणी जातंच, ते त्या भोकांतून खाली ठिबकतं. ती बुजली की पाणी आतल्या लाकडात मुरतं आणि बाहेर सुंदर दिसणारं घर आतून कुजतं. मुलानं लांबी परत ठेवली. रंगानं बुजलेली दोन-तीन भोकं मी टाचणीनं मोकळी केली. त्यांना कुंदा दिला तो आवडला, डबा परत करताना आत स्वतःच्या बागेतली स्ट्रॉबेरी होती.

एकदा घाई नडली. सोमवारी कामावर जायचं म्हणून रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत रंग लावत राहिलो. रात्री दव पडलं. सकाळी भिंतीवर चिकट तपकिरी ओघळ, जणू कुणी चहा सांडलाय. ते पुसून त्या भागाला तिसरा हात द्यावा लागला. संध्याकाळी वाळायला दोन-चार तास तरी मिळायला हवेत.

त्या भिंतीला पुन्हा हात देत असताना मुलगा शिडीवरून म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते, ज्याला घाई त्यानं रंगाला हात लावू नये." मी खाली ब्रश धरून होते. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. पश्चिमेची भिंत, ते फुगे, ते पोपडे, पलंग मधल्या खोलीत हलवावा लागला ते, हे रोज संध्याकाळी पडलेला चुना सुपात भरून मागे टाकून येत ते. चार वर्षं पोटात ठेवलेलं.

वरून काही उत्तर आलं नाही. रोलरचा आवाज तेवढा येत होता. पट्टी अर्धी झालेली होती. त्यानं ती कोपऱ्यापर्यंत पूर्ण केली, मग खाली उतरला आणि गवतावर बसला.

"मला का नाही सांगितलंत?"

"ह्यांनीच सांगू दिलं नाही."

"ते बरोबर होते."

"हो."

"आणि तू?"

"मी तुझ्या बाजूनं होते," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणून सांगून टाकलं. सून चहा घेऊन आली, दोघांकडे बघून काही न बोलता ट्रे ठेवून आत गेली. त्या दिवशी आम्ही आणखी काम केलं नाही.

जुलैच्या मध्यावर घर पूर्ण झालं. सगळा खर्च हजार डॉलरच्या आत, शिवाय मुलाची एक पँट आणि माझे दोन गाऊन. आभाळी रंगाचं ते घर रस्त्यावरून फार छान दिसतं. नात म्हणाली, पाऊस येण्याआधीचा रंग आहे. ऑक्टोबरात मी परत आले. कुंचा धुऊन त्यांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवला.

२०२४ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, बघ काय झालंय." दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात, तिथे उभी बारीक रेघ, जुन्या बिस्किटी रंगाची. जवळून दाखवली, तर प्रत्येक सांध्याला तशीच. आम्ही उन्हाळ्यात रंगवलं तेव्हा पट्ट्या पसरलेल्या होत्या. थंडीनं आखडल्या आणि वरच्या पट्टीखाली लपलेली कड बाहेर आली. रस्त्यावरून दिसत नाही, पण त्याला दिसली होती. म्हणाला, "बारीक ब्रश घेऊन भरून टाकू का?" मी म्हटलं, शून्याखाली रंग धरत नाही, उन्हाळ्यात पट्ट्या पसरल्या की त्या आपोआप झाकल्या जातील. मग त्यानं विचारलं, "कळीचा चुना बेळगावात अजून मिळतो का?"

चार दुकानं फिरल्यावर मिळाला. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा तीन आठवड्यांसाठी आला. गवंड्याला बरोबर घेऊन त्यानं पश्चिमेच्या भिंतीवरचा रंग आणि पुट्टी खरवडून काढली, गिलावा चुन्यानंच दुरुस्त करवला आणि तो ओला ओला राहू दिला. घरच्या इतर तीन भिंती अजून तशाच आहेत, त्या पुढच्या फेरीत. चुना विरवताना वाफा आल्या तेव्हा तो लहानपणीसारखाच दोन पावलं मागे सरकला. नवा कुंचा आणला होता. पहिला हात आडवा दिला आणि थोड्या वेळानं घाबरून मला हाक मारली.

"आई, काहीच झाकलं जात नाहीये. भिंत तशीच दिसतेय, नुसती ओली."

चुना ओला असताना पाण्यासारखाच दिसतो, पांढरा तो वाळताना होतो. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण तो माडीवर असायचा. मी म्हटलं, "वाळू दे. हात धू, जेवायला चल."